इरात्झेच्या निळ्या झडपा

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, अशी एरामून लारालदची खात्री होती. बाकी कशाचीच त्याला खात्री नसे. घराला कुलूप लावलं की नाही हे बघायला तो दोनदा मागे फिरे. बायकोनं, तेरेशानं, सूप बरं झालंय का असं विचारलं तर विचार करायला वेळ मागून घेई. पण दोनशे किलोमीटरच्या सायकलफेरीत कोणी एक वळण जरी चुकवलं, तरी ते मी नुसत्या कार्डावरून ओळखतो, असं तो सांगे, आणि तेवढ्यापुरता त्याचा आवाज भरदार होई.

बावीस वर्षं क्लबची ही फेरी तोच आखत होता. पहाटे सहाला सोकोआ बंदराच्या धक्क्यावरून निघायचं, समुद्राच्या कडेनं जायचं, मग नीव नदीच्या खोऱ्यात शिरायचं, मग डोंगर, आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत. वाटेत बेकरीत, कॅफेत कार्डावर शिक्के घ्यायचे. शर्यत नव्हतीच ती. पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, सारखंच. फक्त सगळा रस्ता आपल्या पायांनी कापलेला असला पाहिजे आणि खाली एरामूनची सही पाहिजे. ती सही मिळाली नाही तर दिवसभराचा घाम फुकट.

सगळ्या रस्त्यात दुखरी जागा एकच होती : इरात्झे. नदीकाठची खाणावळ सोडली की सात किलोमीटर नुसता चढ, वर नऊ घरांचं गाव, आणि आल्या वाटेनं परत खाली. वर ना दुकान ना कॅफे, मग शिक्का देणार कोण? म्हणून एरामून तिथला एक प्रश्न कार्डावर छापत असे, वर गेल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा. नऊ वर्षं प्रश्न एकाच घराबद्दल होते. घराच्या चौकटीवर साल कोणतं कोरलंय? पुढच्या बाजूला खिडक्या किती? कारण ते घरच वेगळं होतं. त्या मुलखात घर पांढरं म्हटलं की खिडक्यांच्या बाहेरच्या लाकडी झडपा तांबड्या असायच्या, फार तर हिरव्या. या एकाच घराच्या निळ्या होत्या.

आणि या वर्षीचा प्रश्न त्यानं नऊ वर्षं जपून ठेवला होता : झडपांचा रंग कोणता?

"खाली खाणावळीत बसून थापा मारणारा माणूस काय लिहील?" त्यानं तेरेशाला विचारलं होतं. "तांबडा! एकदम जाळ्यात."

तेरेशा म्हणाली, माणसं हौसेनं सायकल चालवायला येतात, त्यांना जाळ्यात कशाला पकडायचं? तिला या खेळातलं काही कळत नाही, असं एरामूननं मनातल्या मनात ठरवलं. एप्रिलमध्ये, रिवाजाप्रमाणे, 'मी हा मार्ग स्वतः सायकलनं फिरून तपासला आहे' या वाक्याखाली सही करून त्यानं अर्ज क्लबकडे पाठवला होता.

जूनमधल्या त्या रविवारी संध्याकाळी बावीस माणसं घामेजून क्लबच्या खोलीत बसली होती. चेरीचा केक कापला जात होता, सफरचंदाच्या मद्याच्या बाटल्या फिरत होत्या. एरामून कोपऱ्यातल्या टेबलाशी चष्मा पुसून कार्डं तपासायला बसला.

पहिल्या कार्डावर उत्तर होतं, 'तांबडा.'

त्याला गुदगुल्या झाल्या. सापडला एक. दुसरं कार्ड : 'तांबडा.' हे दोघं मित्रच होते, बरोबर बसले असणार. तिसरं : 'तांबडा.' चौथ्यावर तर 'छान गडद तांबडा' असं लिहिलं होतं. काय हा निर्ढावलेपणा! दहाव्या कार्डापर्यंत गुदगुल्या थांबल्या. पंधराव्याला त्यानं मान वर करून खोलीभर नजर फिरवली. ही माणसं हसत होती, केक खात होती. ज्यांना तो वीस-वीस वर्षं ओळखत होता ती माणसं!

मग त्याच्या मनात आलं, की यातले निम्मे तर दर वर्षी येतात. एकदा जरी कोणी वर गेला असता तर त्या निळ्या झडपा विसरणं शक्य नव्हतं. म्हणजे आजच नाही. नऊच्या नऊ वर्षं यांच्यातलं कोणी वर गेलेलंच नाही! मग साल, खिडक्या, सगळी उत्तरं बरोबर कशी आली? एक जण वर जात असणार आणि बाकीच्यांना फोन करत असणार. दर वर्षी तोच एक, आणि आज तो आलेला नसणार! आणि बाकीचे तोवर खाणावळीत, त्या खिडकीजवळच्या बाकावर, मेंढीच्या दुधाचं चीज आणि काळ्या चेरीचा मुरांबा खात. तो बाक किती मऊ आहे, हे एरामूनला चांगलंच ठाऊक होतं.

शेवटचं कार्ड बातिताचं होतं. बातिता म्हणजे तेरेशाचा धाकटा भाऊ, पोट मोठं, सायकल महाग आणि शब्दाला कच्चा. त्याच्यावर एरामूनचा अकरा वर्षं संशय होता. आणि बातिताच्या कार्डावर लिहिलं होतं, 'निळा.'

एरामूनला स्वतःचीच लाज वाटली. सगळ्या खोलीत एकच प्रामाणिक माणूस, आणि आपण त्याच्यावरच डोळा ठेवून होतो.

तो उभा राहिला. एरवी चार माणसांसमोर त्याची जीभ चिकटायची, पण आज शब्द आपोआप आले. आज एकवीस कार्डांवर आपण सही करणार नाही, असं त्यानं सांगितलं. नऊ वर्षं कसा डाव चालला होता, तेही फोनसकट सांगितलं. आणि मग मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "या क्लबची अब्रू आज एकट्या बातितानं राखली."

बातिताच्या तोंडात केक होता. तो गिळायचं विसरला.

मग ग्राशियाना पुढे आली. ती खोऱ्यातली पोस्टमन होती. तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या फेऱ्या तिनं त्याच वर्षी पुऱ्या केल्या होत्या. ही चौथी झाली की तिला पदक मिळणार होतं, आणि त्यासाठी एरामूनची सही हवी होती. दुखऱ्या मनगटाला पट्टी बांधून ती दोनशे किलोमीटर आली होती.

"काका," ती म्हणाली, "एप्रिलमध्ये तुम्ही रस्ता तपासायला गेलात, तेव्हा झडपा निळ्या होत्या?"

"निळ्याच."

"तुम्ही पाहिल्यात?"

इथे एरामून थांबला असता तर पुष्कळ काही वाचलं असतं. पण इतकी माणसं बघत होती. "या डोळ्यांनी," तो म्हणाला.

ग्राशियानानं खिशातून फोन काढला आणि फोटो त्याच्यासमोर धरला. तेच घर, तीच कोरीव चौकट, दारात घरमालकीण कोंचेशीबाई हाताची घडी घालून उभ्या, आणि झडपा तांबड्यालाल.

"बाईंनी मला पाणी दिलं," ग्राशियाना म्हणाली. "फेब्रुवारीतच रंगवल्यात म्हणाल्या."

एरामूनला वाटलं, आपण दोनशे किलोमीटर सायकल चालवली असती तरी एवढा घाम आला नसता. एप्रिलमध्ये पाऊस होता. गुडघा कुरकुरत होता. तो खाणावळीपर्यंत आला, जरा टेकला, आणि त्याच्या मनात आलं, की इरात्झेत तीनशे वर्षांत काही बदललं नाही, ते आजच काय बदलणार? मग चीज आलं.

बातिता केकची बशी हातात घेऊन आडवा-आडवा दाराकडे सरकत होता.

"तुम्हीही बसा, बातिताभाऊ," ग्राशियाना म्हणाली. "तुम्हाला निळ्या कुठे दिसल्या?"

बातितानं कबूल केलं, की आठ वर्षांपूर्वी एकदा तो वर गेला होता. तेव्हा निळ्या होत्या. एकदा बघितलेलं पुन्हा काय बघायचं?

एरामूननं खाली मान घालून एकवीस कार्डांवर सह्या केल्या. ग्राशियानाच्या कार्डावरची सही वाकडी आली म्हणून तो ती खोडायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या काका, पदकवाल्यांना पटेल." आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं : पुढच्या रविवारी दाजी-मेहुण्यांनी पूर्ण फेरी मारायची, कार्ड घेऊन. ती झाली तर एरामूननं पुढच्या वर्षी रस्ता आखायचा, नाहीतर काम दुसऱ्याकडे. प्रश्न ग्राशियानानं स्वतःच्या हातानं लिहिला. तोच : झडपांचा रंग कोणता?

"हिची आपल्यावर दया दिसतेय," बातिता रविवारी खाणावळीपाशी सायकल भिंतीला टेकवत म्हणाला. "उत्तर तर तिनंच दाखवलंय. बसा दाजी. तांबडा लिहू, चीज मागवू."

एरामूननं त्या बाकाकडे पाहिलं. बाकानंही त्याच्याकडे पाहिलं असावं. पण तो पुढे निघाला. बावीस वर्षांची सही त्याला परत मिळवायची होती. सात किलोमीटरमध्ये तो तीनदा उतरला, एकदा एका मेंढीनं त्याला मागे टाकलं, पण तो वर पोचला. स्वतःच्या पायांनी.

कोंचेशीबाई शिडीवर उभ्या होत्या. हातात ब्रश, पायाशी डबा. आठ झडपांपैकी तीन निळ्या झाल्या होत्या, पाच तांबड्याच होत्या.

"आलात?" त्या वरूनच म्हणाल्या. "नगरपालिकेचे ना तुम्ही?"

एरामून म्हणाला, नाही, मी सायकलवाला.

"असंच सांगतात सगळे." बाई शिडीवरून उतरल्या. दर वर्षी एका रविवारी वीस-पंचवीस माणसं येतात, त्यांनी सांगितलं, घरासमोर थांबतात, वर बघतात, बोटांनी खिडक्या मोजतात, कार्डावर काहीतरी लिहितात आणि एक शब्द न बोलता निघून जातात. नऊ वर्षं! त्यांना कळून चुकलं, की गावात निळा रंग चालत नाही म्हणून तक्रारी जमवल्या जातायत. म्हणून गुडघे दुखत असताना सगळ्या तांबड्या केल्या. "तर मागच्या रविवारी पुन्हा हजर. पुन्हा बघितलं, पुन्हा लिहिलं. एका पोरीला पाणी दिलं, तर तिनं फोटो काढला. आता मी पहिल्यासारख्या निळ्याच करतेय. लिहा काय लिहायचं ते."

एरामूननं लिहिलं. लिहिताना त्याला स्वतःलाच ते खोटं वाटलं : 'तीन निळ्या, पाच तांबड्या.' त्याचा फोन फक्त बोलण्यापुरता होता, फोटोचं नाव नको. त्यानं कार्ड बाईंपुढे धरून विनवलं, की साक्षीदार म्हणून खाली एक सही कराल का?

"सही?" कोंचेशीबाईंनी डोळे बारीक केले. "आत्ता आलात मुद्द्यावर. मी कशावरही सही करणार नाही." आणि त्यांनी आत जाऊन खिडकीची झडप ओढून घेतली. ओल्या निळ्या झडपेचा पट्टा एरामूनच्या बाहीवर उमटला, तेवढीच काय ती साक्ष.

संध्याकाळी ग्राशियानानं बातिताचं कार्ड पाहिलं. 'तांबडा.' शिक्के बरोबर, वेळ बरोबर. तिनं सही केली. मग एरामूनचं कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ वाचत राहिली. एरामूननं बाही पुढे केली. तिनं बाहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, जणू कोणी आजारी आहे, "वर बाहीला रंगही लावून आणलात?"

तिनं कार्ड फाडलं नाही. खणात ठेवलं, विचार करते म्हणाली. बाहेर बातिता सायकलचा टायर उगीच दाबून बघत होता.

"दाजी, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "खाणावळवाली तुमची चौकशी करत होती. म्हणाली, एप्रिलमध्ये येऊन गेले ते गृहस्थ आज दिसले नाहीत. बाक पुसून ठेवला होता तिनं."