गच्चीवरचे चार भाडेकरू

ज्ञानदेव ओव्हाळ यांच्याइतकी तीक्ष्ण नजर अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसऱ्या कुणाची नाही, हे मत खुद्द ज्ञानदेव ओव्हाळ यांचं. पिरंगुटच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी एकतीस वर्षं पहारा केला आणि एक स्क्रू बाहेर जाऊ दिला नाही. तयार मालही जाऊ देत नव्हते, म्हणून कारखाना बंद पडला, हे मत त्यांच्या बायकोचं, गोजराबाईंचं. घरी बसल्यावर त्यांनी दारावर 'खासगी गुप्तहेर' अशी पाटी लावली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'चपला बाहेर काढाव्यात.' आजवर लोकांच्या उपयोगी पडली ती ही दुसरी ओळच.

त्यांची बिनपगारी सहायक म्हणजे सून, गौतमी. शिक्षण बी.कॉम. आणि पदरी दीड वर्षाची धम्मदीपा. पोरीच्या तोंडात काय गेलं, कुठून गेलं आणि किती उरलं, याचा तपास ती दिवसरात्र करायची. घराला तेवढा एक गुप्तहेर पुरेसा होता, पण पाटी मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावाची होती.

सोमवारी नगरपंचायतीची नोटीस आली. घरपट्टी तिप्पट. कारण, 'गच्चीवर पत्र्याच्या चार खोल्या, भाडेतत्त्वावर.' मागे ड्रोनने वरून काढलेला फोटो, त्यात गच्चीवर लाल रेघांनी आखलेले चार रंगीत चौकोन. हरकत घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत.

गौतमीने आधी मुदत पाहिली, मग कॅलेंडर. एक तारखेपासून तिला भरे गावाजवळच्या एका कंपनीत नोकरीवर जायचं होतं. नवरा धम्मपाल पाळ्यांमध्ये अडकलेला, गोजराबाई अंगणवाडीत मदतनीस. पाळणाघराचे पैसे मोठ्या मुश्किलीने बाजूला काढले होते. ते घरपट्टीत गेले की पोरीला सांभाळायला उरणार एकच माणूस. आणि तो माणूस एका पायावर तयार होता.

"पोरीची काळजी सोड," मामा म्हणाले. "एकतीस वर्षं फाटक सांभाळलंय."

फाटकाला पाय नव्हते. धम्मदीपाला नुकतेच फुटले होते.

"आता तपास," मामांनी गच्चीवर येरझारा सुरू केल्या. "हितं चार भाडेकरू हायेत. आपल्याला दिसत न्हाईत, म्हंजे लपून ऱ्हात्यात."

"पण मामा, खोल्याच नाहीत."

"खोल्या बी लपवल्यात. सराईत टोळी हाय."

मंगळवारी सकाळी धम्मदीपाचा पावडरचा डबा रिकामा सापडला आणि गच्ची पांढरी. पावडरीत ठसठशीत पावलं उमटली होती. मामा पालथे पडून टेपने मापं घेत होते.

"लिही. पुरुष. साठीच्या पुढचा. डावा पाय ओढून चालतो. अंगठ्याला कुरूप. लई घातकी इसम दिसतोय."

गौतमीने मामांच्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. "मामा, कुरूप तुम्हालाही आहे."

मामांनी अंगठा दुमडून घेतला. "म्हंजे माझं सोंग घेऊन आलाय."

बुधवारी संशय शेजारच्या शेखरवर गेला. शेखरने जमीन विकून खोल्या बांधल्या होत्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. त्यातल्या चार त्याने ओव्हाळांच्या नावावर ढकलल्या, असा मामांचा सिद्धान्त. ते शेखरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत असताना त्याची आई सारजाबाई बाहेर आली.

"काय हरवलं का ज्ञानदेव?"

"चार खोल्या जादाच्या सापडल्यात."

"आमच्या बी गच्चीवर पाच सापडल्यात. तुमाला नगं असतील तर तुमच्या हिकडं द्या, नऊ हुतील."

शेखरही बाहेर आला. "काका, सगळ्या गल्लीला हीच नोटीस हाय. चौकातल्या नाचऱ्या कारंज्याचं बिल कुणी भरायचं? आपल्या नळाला दिवसाआड पाणी, आन तितं पाणी गाण्यावर नाचतंय."

"कारंजं," मामांनी डोळे बारीक केले. "धागेदोरे लई वर पोचत्यात."

गुरुवारी संध्याकाळपर्यंत धागेदोरे मंत्रालयाच्या आसपास गेले होते आणि हरकतीचा अर्ज कोराच होता. गौतमी फोटो घेऊन बसली. कोपऱ्यात तारीख होती, बारा एप्रिल. तिने धम्मदीपाचं लसीकरणाचं कार्ड काढलं. बारा एप्रिललाच इंजेक्शन, मग ताप. त्या दिवशी पोरीला सोडून गौतमी खालून हललीच नव्हती.

"मग वर कोण गेलं होतं?" ती म्हणाली.

"ह्यात घरातल्याच माणसाचा हात हाय," मामा गंभीरपणे म्हणाले.

एवढ्यात गोजराबाई अंगणवाडीतून आल्या. त्यांनी फोटो हातभर लांब धरला.

"ही माझी अबोली साडी."

त्यांचं बोट पुढच्या चौकोनावर सरकलं.

"ही निळी. ह्या दोन सारजाबाईकडनं आणल्या हुत्या. बाजांवर हातरून त्यावर कुरडया घातल्या न्हाईत का त्या दिवशी? गल्लीतल्या समद्या बायका आपापल्या गच्चीवर हुत्या. डोक्यावरनं कायतरी गुणगुणत गेलं. मला वाटलं गांधीलमाशी. मी फडकं हाणलं."

"आन भाडेकरू?" मामांचा आवाज खोल गेला.

"कावळे. भाडं न देता दोन कुरडया घेऊन गेले."

शुक्रवारी सकाळी गौतमीने त्याच बाजा, त्याच साड्या गच्चीवर मांडल्या आणि पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढला. चौकोनाला चौकोन जुळला. तो अर्जाला जोडून सगळी गल्ली नगरपंचायतीत हजर झाली.

साहेबांनी दोन्ही फोटो पाहिले. "असं आहे बाई, सर्वेक्षणावर मोठा खर्च झालाय. यंत्र चुकत नाही. खोल्या पाडल्याचा पुरावा आहे का?"

"पाडल्या न्हाईत साहेब," गोजराबाईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "तळल्या. ही दुसरी खोली. पहिली आमी मागंच खाल्ली."

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात सारजाबाई पाच खोल्यांचा डबा घेऊन उभी होती आणि तिच्यामागे रांग जिन्यापर्यंत. साहेबांनी खोलीचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला.

"मीठ बेताचं आहे," ते म्हणाले आणि लिहू लागले, 'वाढीव बांधकाम आढळून आले नाही. आकारणी पूर्ववत.'

"सही आणि शिक्का," गौतमी म्हणाली. "आणि हा दुसरा अर्ज. कारंज्यावर आणि ड्रोनवर किती खर्च झाला, ते गल्लीला लेखी हवंय."

साहेबांना ठसका लागला. पाणी मागवलं. शिपाई म्हणाला, आज नळाला नाही. शिक्का मात्र दोन्ही अर्जांवर पडला.

"मी बोललोच हुतो," परत येताना मामा शेखरला सांगत होते, "घरातल्याच माणसाचा हात हाय." गोजराबाईंनी रिकामा डबा त्यांच्या हातात दिला.

एक तारखेला धम्मदीपा पाळणाघरात गेली आणि गौतमी कंपनीत. दिवसभर तिने तिथल्या बाईंना चार वेळा फोन केला. चारही वेळा उत्तर एकच, पोरगी मजेत आहे, पण अंगणात फाटकापाशी एक आजोबा उभे आहेत. संध्याकाळी ती धावतपळत न्यायला पोहोचली, तर फाटकाबाहेर आईबापांची ही रांग. फाटकाला आतून कडी, आणि कडीवर हात ठेवून मामा.

"मामा, दार उघडा. मी आहे, गौतमी."

मामांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"गेटपास?"