जाधवरावांचा स्वार आणि तानुमावशीची म्हैस

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” असं सुधाकर म्हणाला, तेव्हा मेहकरच्या कचेरीसमोरच्या हॉटेलात बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बसणार नव्हताच. सुधाकरच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची चाल त्या गावात कधी पडलीच नव्हती. पैनगंगेच्या पुरात तो ओंडका समजून सुसरीच्या पाठीवर बसून पलीकडे गेला होता, आणि उतरताना सुसरीने त्याला ‘जपून’ म्हटलं होतं. म्हणजे असं तो सांगायचा. कचेरीत तो कारकून होता, पण खरी नोकरी त्याची या हॉटेलातल्या बाकावरच चालायची.

“घोडेस्वार रंगवतोय,” तो म्हणाला. “बोटाएवढा. सिंदखेडच्या जाधवरावांच्या फौजेतला. कडूबा सुताराकडून सागवानाचा कोरून घेतलाय. मिशीचा केस न् केस वेगळा दिसतोय. आणि डोळ्यांत बुबुळं काढणार आहे.”

“बुबुळं?” जानराव पेंटरने बशी खाली ठेवली. स्टँडजवळ त्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. त्याचं सगळ्यात बारीक अक्षर वितभर असायचं. “बोटाएवढ्या मानसाचा डोळा केवढा असते बे? खसखशीएवढा. त्यात बुबुळ काहाडतं तू?”

“काढतो.”

“मंग रविवारी वाचनालयात प्रदर्शन हाय ना, तिथं आनून दाखव. नाही दाखवलं तर?”

“तर वर्षभर या हॉटेलात तोंड उघडणार नाही.”

“चहा कसा पेशीन?”

“चहापुरतं उघडीन. बोलायला नाही.”

हॉटेलातली सगळी मंडळी बाकावर पुढे सरकून बसली. वर्षभर सुधाकर गप्प म्हणजे काय, हे त्याच्या स्वतःच्याही जरा उशिराच लक्षात आलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि जानरावने तो झेलून खिशात टाकला होता.

महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावोगाव इतिहासाची लाट आली होती. मेहकरच्या वाचनालयाने प्रदर्शन जाहीर केलं, आणि ज्याच्याकडे जे गंजलेलं होतं ते तो घासायला बसला. सुधाकरकडे गंजलेलं काही नव्हतं. म्हणून त्याने नवं करायला घेतलं.

कडूबाने जन्मभर वखर आणि तिफणी घडवल्या होत्या. घोडा हा त्याचा प्रांत नव्हे. त्यामुळे घोड्याला बैलाचं वशिंड आलं होतं. ते सुधाकरने खोगिराखाली दडवलं. वर खडूची पूड आणि बाभळीच्या डिंकाचा हात दिला, आणि पाण्याच्या रंगांनी रंगवायला बसला. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. त्याचं टोक सुईसारखं व्हायला हवं, म्हणून दर वेळी तो कुंचला ओठांत धरून जिभेवर फिरवायचा. पगडी निळी ठरली. ठरली म्हणजे, पेटीत निळाच रंग जास्त उरला होता.

पण रंग वाळेल तर ना. उन्हात ठेवला तर तडकायचा, सावलीत ठेवला तर चिकट राहायचा. सुधाकर खाली बसायचा, उठायचा, स्वारावर फुंकर घालायचा, बोट लावायचा, बोटाचा ठसा उठायचा, मग तो ठसा रंगवायला पुन्हा बसायचा. कचेरीत आवक टपाल नोंदवतानासुद्धा तो कागदावर फुंकर घालायला लागला.

“अहो, त्या घोड्याला वाळू द्या आणि मला झाडू द्या,” शरयू म्हणाली. “घरभर नुसत्या येरझाऱ्या. मी केर काढते कुठे आणि तुम्ही उभे कुठे.”

धुळीचा प्रश्न होताच. धाब्याचं घर, वरून माती गळायची. ओट्यावर मांजर. कपाटात झुरळं. शेवटी सुधाकरच्या मनात आलं, देवघर! माजघरातला कोनाडा, वर लाकडी फळी, आणि पूजा तोच करत असल्याने तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याने स्वाराला बाळकृष्णाशेजारी वाळत ठेवलं. सगळं झालं होतं. फक्त डोळे राहिले होते.

शनिवारी सकाळी तो कचेरीत गेला, आणि शेजारची तानुबाई विरजण मागायला आली. मोठ्या शेतावरची खटपटी बाई, पण त्या दिवशी हवालदिल होती. तिची म्हैस चरायला गेली ती परतलीच नव्हती. शरयू मागे विहिरीवर. तानुबाईने माजघरात पाऊल टाकलं, देवघराकडे पाहिलं, आणि जागच्या जागी बसली. घोडा. घोड्यावर स्वार. हातात उपसलेली तलवार. तिच्या घराण्याचा देव खंडोबा. असं रूप ती लहानपणापासून पुजत आलेली. बामनाच्या घरी आपला मल्हारी आला, आणि त्याचे डोळे मिटलेले.

“रागावलं काय बाप्पा?” ती म्हणाली. “डोळे उघड. माही म्हैस दाखव. जागरन घालतो.”

आणि विरजण न घेताच निघून गेली.

दुपारी सुधाकर घरी आला. स्टँडवरच्या मोटारींच्या दोन भोंग्यांच्या मधली शांतता गाठून, श्वास कोंडून त्याने डावं बुबुळ टेकवलं. मग उजवं. मिणमिणत्या ठिपक्यांतून जाधवरावांचा स्वार त्याच्याकडे बघायला लागला. सुधाकरला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. त्या आनंदात त्याने पगडीलाही निळ्याचा दुसरा हात चढवला, दाट डिंकाचा, चमक यावी म्हणून डोळे सोडून बाकी अंगावरही नुसता डिंक फिरवला, आणि ओला स्वार देवघरात ठेवून चपला घातल्या.

“अहो, थांबा, आरशात बघा तरी एकदा,” शरयू मागून म्हणाली.

पण तो केव्हाच जानरावच्या दुकानाशी पोचला होता.

“काढली बुबुळं,” तो म्हणाला. “दोन्ही.”

जानरावने सुधाकरच्या तोंडाकडे एकटक पाहिलं आणि नुसता गालात हसला. जळतोय, सुधाकर मनाशी म्हणाला, आणि गावाला एक फेरी मारून घरी परतला.

दारात चपलांचा ढीग होता. आतून ‘येळकोट येळकोट’ चाललं होतं. अंगणात म्हैस उभी होती, कपाळाला कुंकू लावलेली, सुधाकरच्या तुळशीची पानं खात.

“भाऊ, चमत्कार झाला,” तानुबाई त्याच्या अंगावरच आली. “सकायी देवाचे डोळे मिटेल व्हते. मी बोलली, उघड. म्हैस आपल्या पायानं दाराशी आली, अन् इथं येऊन पाह्यतो तं देवानं डोळे उघडेल. खुटुखुटु पाहून राह्यला माह्याकडं.”

सुधाकर तिच्या बाजूने आत घुसला. देवघरासमोर खोबऱ्याचे तुकडे, उदबत्त्या, आणि मध्ये जाधवरावांचा स्वार, पगडीपासून खुरापर्यंत पिवळाधमक. ओल्या डिंकावर बायकांनी मूठमूठ भंडारा उधळला होता. रसात पडलेल्या जिलबीसारखा तो चमकत होता. मिशी गेली होती. घोड्याला पुन्हा वशिंड आलं होतं. हळदीतून फक्त दोन बुबुळं शाबूत दिसत होती, आणि ती सुधाकरकडे मोठ्या अपेक्षेने बघत होती.

बुबुळं आहेत. म्हणजे पैज अजून जिवंत आहे. सुधाकरने हात पुढे केला.

“हात नको लावू भाऊ,” तानुबाई म्हणाली. “मंगळवारी जागरन होऊ दे. तवर देव इथून हालनार नाही.”

“पण उद्या मला याला...”

“अहो, ऐका तिचं,” शरयू हळूच त्याच्या कानाशी लागली. “यांच्या देखत खेळणं म्हणाल तर म्हैस अंगावर सोडतील. खोबरंही खाऊन झालंय आपलं.”

सुधाकरने पुढे केलेला हात मागे घेतला. खरं सांगावं तर गावातल्या बायका फाडून खाणार. गप्प बसावं तर वर्षभर गप्प बसावं लागणार. एवढ्यात दाराशी जानराव दिसला. खबर तिकडेही पोचली होती. हाताची घडी घालून तो चौकटीला टेकला.

सुधाकर देवघरासमोर उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला. मेहकरात ते खाकरणं सगळ्यांना ओळखीचं होतं.

“मावशी, सांगणार नव्हतो. कचेरीत आज दुपारी जरा डोळा लागला, आणि देव स्वप्नात आले. म्हणाले, सुधाकर, उद्या सकाळी मला वाचनालयात ने. मंडळींना दर्शन द्यायचंय. जागरणाला मंगळवारी परत येतो.”

बायकांनी हात जोडले. तानुबाईचे डोळे भरून आले. “खरंच आले?”

“आले म्हणजे? घोडा कचेरीच्या खिडकीला बांधला. घोड्याने मोठ्या साहेबांच्या माठातलं पाणी पिऊन संपवलं.”

“अन् पगडी कोनती व्हती?”

“निळी. गडद निळी.”

“हाव. सकायी मी पाह्यली तवा निळीच व्हती,” तानुबाई म्हणाली. सगळीकडे कुजबूज झाली. सुधाकरला जोर चढला. जानरावच्या तोंडावरचं हसू आता मावळेल असं त्याला वाटलं. ते उलट पसरत चाललं होतं.

“निळी म्हणजे साधी निळी नव्हे, मावशी. अशी निळी मी जन्मात पाहिली नाही. स्वर्गातला रंग तो. माणसाच्या हाताने होणं शक्यच नाही,” सुधाकर म्हणाला, आणि शेवटचा शब्द नीट ठसावा म्हणून त्याने तोंड चांगलं मोठं उघडलं.

तानुबाईने जोडलेले हात सोडले. पुढे आली. मान वाकडी करून त्याच्या तोंडात डोकावली, म्हशीचे दात तपासावेत तशी.

“देवाची पगडी स्वर्गातली, ते पटलं,” ती म्हणाली. “मंग भाऊ, तुही जीभ काऊन निळी?”