मंगलताईंचं झोपलेलं पीठ

नाताळ जवळ आला की मंगलताईंच्या घरात हळू बोलावं लागतं. कारण पीठ झोपलेलं असतं. परातीवर पंचा, पंच्यावर शाल, आणि आपण जरा मोठ्याने हसलो की ताईंचं बोट ओठांवर. "श्श! मुरतंय ते."

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. यजमान गेल्यापासून एकट्याच. मुलगी मुग्धा सीमेपलीकडे जर्मनीत, म्युन्स्टरला, जर्मन नवरा आणि छोट्या लीनासह. "तासाभराचा तर रस्ता," ताई म्हणतात, "पण वेळच नसला की म्युन्स्टर काय नि मिरज काय!" आणि लगेच विषय बिस्किटांवर नेतात.

ही बिस्किटं म्हणजे लेबकूखन. मध, दालचिनी, लवंग, जायफळ घातलेली, जर्मन नाताळची. लीनाचा या बिस्किटांवर जीव, आणि आधी ती करायची तिची जर्मन आजी. "विहीणबाई चांगल्या आहेत हो," ताई म्हणतात आणि तो 'हो' इतका लांबवतात की चांगुलपणा त्यात बुडून जातो.

ताईंनी ती करायला घेतली त्या पहिल्या वर्षी जर्मन कृतीतल्या एका जिनसाचं फोनने मराठी केलं: हरणाच्या शिंगाचं मीठ. ताई हादरल्या. "अरे, एकादशी करणारी बाई मी! बिस्किटं फुगवायला हरीण मारू?" त्यांनी बेधडक पापडखार घातला. ते बिस्किट मी चहात बुडवलं, तर चहा हरला. आता ते नुसतं नाव आहे, आत साधं रसायन असतं, हे मी त्यांना समजावलं. "मग नाव तरी धड ठेवायचं मेल्यांनी!"

पुढच्या वर्षी त्यांनी ते खरं मीठ सीमेपलीकडून आणलं. ओव्हन तापताच असा उग्र वास जिन्यात उतरला की शेजारचे डच आजोबा नाक दाबून वर आले. ताईंनी येत असलेलं एकमेव डच विशेषण त्यांच्या तोंडावर फेकलं, "लेकर! लेकर!" म्हणजे चविष्ट. आजोबांनी सभ्यपणे मान डोलावली आणि जिन्याच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

पण ताईंची पद्धत म्हणजे पद्धत. एका शनिवारी पीठ मळायचं, पुढच्या शनिवारी लाटून कापायचं नि भाजायचं, त्याच्या पुढच्या शनिवारी वर साखरेची नक्षी. आणि प्रत्येक वेळी लीनाचा हात लागलाच पाहिजे. मुग्धा कुरकुरत गाडी काढते. लीना पिठात कोपरापर्यंत हात घालून आजीशी जर्मनमध्ये बोलते, आजी मराठीत उत्तर देते, आणि दोघींचं छान जमतं.

यंदा आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जर्मन सहकाऱ्यापुढे मी या तपश्चर्येचं कौतुक केलं. तो म्हणाला, "काही जण ठेवतात तसं. पण माझी आई सकाळी मळते, संध्याकाळी डबा रिकामा."

मी धावतच वर गेलो. म्हटलं, ताईंचे कष्ट वाचतील.

ताई लीनाच्या एप्रनला इस्त्री करत होत्या. "ठाऊक आहे रे," त्या म्हणाल्या. "विहीणबाईंनीच सांगितलं होतं."

"मग हा एवढा खटाटोप?"

त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "बिस्किटं एका दिवसात झाली, तर मुग्धा एकदाच येईल ना."

तेवढ्यात फोन वाजला. मुग्धाच होती. ताई एप्रनची घडी घालत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर.

"आई, यंदा कामाचा फार गोंधळ आहे. सगळं एकाच शनिवारी उरकू या का? चालेल ना तसं?"

ताईंचा चेहरा पडला. "चालेल" हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता.

"मुग्धाताई, मी खालचा निखिल," मी मध्येच घुसलो. "एका शनिवारी? शक्यच नाही. खरं तर तीनही कमीच. माझ्या जर्मन मित्राच्या आईकडे तर चार शनिवार लागतात."

पलीकडून एक उसासा. "चार? बरं बाई. येतो आम्ही."

फोन बंद झाला. ताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

"चौथ्या शनिवारी काय करायचं असतं रे, मेल्या?"