संध्याकाळचा पाय

माणसाला दोन पाय असतात, याबद्दल तज्ज्ञांत आता फारसे मतभेद उरलेले नाहीत. मतभेद आहेत ते त्या पायांच्या मापाबद्दल. ज्या समाजात प्रत्येकाला स्वतःचं वजन, स्वतःचा रक्तगट आणि शेजाऱ्याचा पगार तोंडपाठ असतो, त्याच समाजात स्वतःच्या पायाचं खरं माप शंभरातल्या चौघांनाच ठाऊक असतं (आणि त्या चौघांतले दोघे खोटं बोलतात). बाकीचे शहाण्णव जण शाळेत असताना कुणीतरी सांगितलेला आकडा श्रद्धेने सांभाळत आयुष्यभर चालत राहतात. त्यांचं काही अडत नाही. कवळीवाल्याचं अडलं, कारण त्याला लग्न करायचं होतं.

कवळीवाला म्हणजे दातांच्या कवळ्या तयार करणारा कारागीर. दवाखान्यांतून हिरड्यांचे साचे यायचे आणि तो त्यांवर दात बसवून परत पाठवायचा. त्याचं सगळं काम टेबलाशी बसून चाले, त्यामुळे पायाचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्याच्याकडे एक चपलांचा जोड होता आणि तो जोड आहे एवढंच त्याला माहीत होतं.

त्याच इमारतीत एक मजला खाली चष्म्याचे नंबर काढणारी मुलगी बसे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत ‘आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं?’ हे विचारण्याचा तिचा व्यवसाय. एकदा जिन्यात कवळीवाल्याकडे बघून तिने हा प्रश्न मनातल्या मनात स्वतःलाच विचारला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढचं सगळं रीतसर झालं. राहिले फक्त तिचे बाबा.

बाबा एका बूट कारखान्याच्या तपासणी विभागाचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावर कारखाना त्यांच्यातून गेला, तपासणी गेली नाही. मुलीसाठी आधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघेही शिकलेले, उंच, आणि पायातले बूट तर असे की आरशाने मान खाली घालावी. बाबांनी दोघांनाही खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं, त्यांच्याबरोबर चहा घेतला आणि नकार कळवला. कारण दिलं नाही. (मोठ्या पदावरच्या माणसाने कारण दिलं की पद लहान होतं.)

“बाबा तोंडाकडे बघत नाहीत,” मुलीने कवळीवाल्याला समजावलं. “बघितलं तरी त्यांना दिसत नाही. नंबर वाढलाय, आणि माझ्याकडून काढून घेणार नाहीत. बूट मात्र बरोबर दिसतात. रविवारी सकाळी नऊला तुझ्या घरी येतोय आम्ही. चपला घालून उभा राहिलास तर मी तुला ओळखत नाही.”

दुपारी ठेवता येईल का, संध्याकाळी चालेल का, असं त्याने विचारून पाहिलं. चालणार नव्हतं. दुपारी बाबा झोपत, आणि संध्याकाळी सगळीच माणसं दमलेली असल्यामुळे सज्जन दिसतात, असा त्यांचा अनुभव होता.

त्यामुळे उत्तम प्रतीचे चामड्याचे बूट घेणं हा विषय घरात आला. दादा तयारच होता. कवळीवाल्याचा हा थोरला भाऊ दोन वर्षांपासून बुटांचा अभ्यास करत होता. गाईचं चामडं कुठे ताणतं आणि वासराचं कुठे सुरकुततं, तळ शिवलेला कसा ओळखायचा आणि चिकटवलेला कसा, टाचेत कागदाचा लगदा किती कंपन्या भरतात, हे सगळं त्याला पाठ होतं. तो स्वतः रबरी स्लिपर घालायचा. यात विसंगती काही नाही. बुटांचा खरोखर अभ्यास असलेल्या माणसांमध्ये बूट विकत घेणाऱ्यांचं प्रमाण शून्याच्या आसपास आढळतं, कारण अभ्यास पुरा झाल्याशिवाय घ्यायचे नसतात आणि पुरा झाला म्हणणाऱ्याचा अभ्यास कच्चा समजला जातो.

“बूट हा खर्च नाही,” दादा म्हणाला, “ती गुंतवणूक आहे.”

“मग तुम्ही का नाही गुंतवत?” वहिनीने विचारलं.

“बाजार बघतोय,” दादा म्हणाला.

दोघे भाऊ सकाळी दुकानात गेले. दुकान इतकं प्रतिष्ठित होतं की त्यात बूट फार थोडे दिसत होते. मधोमध एक काचेचं कपाट, कपाटात एकच बूट, त्यावर दिवा. विक्रेता सडपातळ आणि दुःखी होता. खिशाला पेनाच्या जागी बूट चढवायचं पितळी शूहॉर्न. त्याने कवळीवाल्याला बसवलं, चपला काढायला लावल्या आणि पायाकडे बराच वेळ नुसतं बघितलं.

“हा पाय आत्ता मोजता येणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “संध्याकाळी या.”

त्यामागचं शास्त्र त्याने सावकाश सांगितलं. माणूस दिवसभर उभा राहतो, बसतो, चालतो, आणि पाय हळूहळू सुजत जातो. सकाळचा पाय हा पायाचा नुसता मसुदा असतो. अंतिम पाय संध्याकाळी तयार होतो. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो, म्हणून समंजस माणसं संध्याकाळीच बूट घेतात. दादाने मान डोलावली. हे त्याला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी दोघे परत गेले. पायाच्या लाकडी मापपट्टीवर कवळीवाला उभा राहिला. माप साडेआठ भरलं. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा निघाला (ही गोष्ट घरच्यांनी त्याच्यापासून इतकी वर्षं लपवून ठेवली होती, आई म्हणाली, तिला वाटलं त्याला माहीत असेल). मग तपकिरी रंगाचे, घोट्याच्या वर येणारे बूट आले. अंगठ्याच्या पुढे एक बोट जागा हवी, ती होती. पंजाचा रुंद भाग बुटाच्या रुंद भागात हवा, तो होता. टाच उचलली जायला नको, ती उचलली गेली नाही. विक्रेत्याने बूट दुमडून दाखवला, हुंगायला दिला आणि म्हणाला, “हे चामडं श्वास घेतं.” त्यानंतर त्याने किंमत सांगितली. कवळीवाल्याचा श्वास थांबला, त्यामुळे दुकानातला एकूण श्वासोच्छ्वास कायम राहिला.

एकदा तळ रस्त्याला लागला की माल परत नाही, हे विक्रेत्याने बुटांच्या नाड्या बांधून झाल्यावर सांगितलं. कवळीवाला ते घालूनच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याने बूट चढवून घरात चालून बघितलं. पाय बुटाच्या आधी निघत होता आणि बूट मागून येत होता. टाच आत वरखाली होऊन प्रत्येक पावलाला जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा आवाज येत होता. बूट संध्याकाळचा होता. पाय सकाळचा होता. आणि बाबा सकाळचे होते.

घरात बैठक बसली. आईने कापूस सुचवला. दादाने आतून घालायच्या तळव्यांचे सात प्रकार सांगितले. कवळीवाल्याने मुलीला फोन करून विचारलं, तर बाबा बूट काढायला लावून आत हात घालून बघतात, असं कळलं. एका स्थळाचा मोजाही त्यांनी उलटा करून बघितला होता. म्हणजे बुटात पायाशिवाय दुसरं काहीही चालणार नव्हतं. आता दोनच मार्ग उरले. बाबांना संध्याकाळी आणायचं, किंवा संध्याकाळ सकाळी आणायची. पहिला मार्ग अव्यवहार्य असल्यामुळे सर्वानुमते दुसरा स्वीकारण्यात आला.

“पाय हा मुळात अडाणी अवयव आहे,” दादाने स्पष्टीकरण दिलं. “त्याला घड्याळ कळत नाही. घरात जे चाललंय त्यावरून तो वेळ ठरवतो.”

“पायाला कळत नसेल,” वहिनी म्हणाली, “मला कळतं.”

पण तिनेही साथ दिली. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा रोज थोड्या थोड्या अलीकडे ओढण्यात आल्या. गुरुवारी घरात दुपारचं जेवण सकाळी सातला झालं. शुक्रवारपासून कवळीवाला टेबल विटांवर चढवून उभ्याने दात बसवू लागला (त्या दिवशी केलेली एक कवळी जरा उंच झाली, ती लावणारे गृहस्थ अजूनही छताकडे बघून बोलतात). शनिवारपासून पहाटे पडदे ओढून दिवे लावले की घरात संध्याकाळ होत असे. मग कवळीवाला बाहेरून बेल वाजवी, आई दार उघडून ‘किती हा उशीर’ म्हणे आणि तो ‘काम होतं’ म्हणे. दादा शर्टाची वरची दोन बटणं सोडून साहेबांच्या नावाने खडे फोडत बसे. साहेब त्या वेळी स्वतःच्या घरी गाढ झोपलेले असत. वहिनी म्हणाली की संध्याकाळी ती दमलेली असते, आणि जाऊन आडवी झाली. तिच्या भूमिकेत कोणतीही खोट काढता आली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला आल्या, दारातून आतला प्रकार बघितला आणि आपण दिवसभर काहीच केलं नाही या विचाराने खजील होऊन परत गेल्या.

पाय फसला. रविवारी सकाळी साडेआठला तो चांगला टरारून सुजलेला होता. दादाने टेपने दोनदा मोजला आणि साडेआठ असं जाहीर केलं. बूट चढवले तर ते असे बसले की पाय आणि बूट एकाच आईच्या पोटचे वाटावेत. घरात बूट घालून फिरायचं नाही हा आईचा नियम दुपारी बारापर्यंत स्थगित झाला. पडदे उघडले, दिवे मालवले, सगळ्यांनी चेहऱ्यावर सकाळ आणली.

नऊला बेल वाजली आणि कवळीवाल्याचे हातपाय गार पडले.

या शक्यतेचा विचार कुणीच केला नव्हता. भीतीने माणसाच्या पायातलं रक्त वर निघून जातं (ते वर जाऊन काय करतं, याची माहिती उपलब्ध नाही). चार दिवसांची सूज दार उघडेपर्यंत ओसरली. साडेआठचा पाय आठवर आला आणि बुटात एकटा पडला.

बाबा आत आले, मागून मुलगी आली. बाबा बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला. कवळीवाल्याला त्यांनी दारापासून खिडकीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. कवळीवाल्याने खिडकीकडे बघितलं. एवढी लांब ती कधीच वाटली नव्हती. आवाज झाला तर सगळं संपलं, एवढंच त्याला कळत होतं. त्याने बुटाच्या आत पायाची दहाही बोटं आवळली, तळाच्या चामड्याला पंजासारखी रोवली आणि निघाला. आवाज झाला नाही. पोटऱ्यांत गोळे आले. चेहऱ्यावर त्याने एक हसू लावून ठेवलं होतं, ते गेलं तसंच परत आलं.

बाबांनी कप खाली ठेवला.

“बोटं आवळून चालताय,” ते म्हणाले.

दादाने भिंतीकडे बघायला सुरुवात केली.

“हो,” कवळीवाला म्हणाला.

“दुखतंय?”

“नाही.”

“खोटं?”

“हो.”

“किती दिवस धराल अशी?”

कवळीवाल्याने मुलीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून नंबर बरोबर चाललाय की चुकतोय हे कळायला मार्ग नव्हता.

“तुम्ही असेपर्यंत,” तो म्हणाला.

“मी बराच काळ असणार आहे.”

“मग बराच काळ.”

आईने मनातल्या मनात दुसरी मुलगी शोधायला घेतली. बाबा मात्र खुर्चीत मागे रेलले. आधीच्या दोघांचे बूट तंतोतंत बसले होते, ते म्हणाले. कुठेही चिमटा नाही, कुठेही ढिलाई नाही. ज्याला सगळं असं तंतोतंत बसतं, तो जरा कुठे चावलं की उठून चालू लागतो. घरात कुणालातरी बोटं आवळावीच लागतात. त्यांच्या घरात ती कुणी आवळली, हे त्यांना बायको गेल्यावर तिच्या चपला आवरताना, त्यांतले बोटांचे खोल ठसे बघून समजलं. तोपर्यंत त्यांना वाटायचं की तिची चालच तशी आहे.

“कारखान्यातला एकूण एक बूट तपासला,” बाबा म्हणाले. “घरातली तपासणी राहिली.”



“मी काही बोटंबिटं आवळणार नाही हं, बाबा,” मुलगी म्हणाली.

“म्हणून तर दुसऱ्याची बघतोय,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा कप मागितला. लग्न ठरलं.

दादाने यातून काढलेला निष्कर्ष असा की बूट अर्धं माप मोठेच घ्यावेत, आणि त्या दृष्टीने त्याने अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. वहिनीने काढलेला निष्कर्ष तिने सांगितला नाही. पण त्या दुपारी ती दादाच्या पायांकडे बघत बराच वेळ बसली होती, आणि दादा कारण नसताना पाय पोटाशी घेऊन बसला.

उत्तम बूट निवडण्याबाबत वाचकांना याहून अधिक मार्गदर्शन करणं शक्य नाही. संध्याकाळी जा, उभं राहून मोजून घ्या, मोठा पाय प्रमाण धरा. मात्र या लोकांना मनमुराद हसून झालं असेल तर एक छोटी तपासणी उरकून घ्या. कुणाला सांगू नका, वर बघू नका, नुसती पायाची बोटं सैल सोडा.

सुटली ना? म्हणजे आवळलेली होती. आणि तुम्ही तर स्वतःच्या घरात अनवाणी बसला होतात.