आठाचे तीन

अमेरिकेत युटातल्या लाल दऱ्यांच्या त्या गावात जीपची वाट निवडायची, तर अधिकारी माणूस एकच, ऑरिन टॅलमेज. जीप क्लबच्या पत्रकात प्रत्येक वाटेपुढे एक ते दहापैकी एक आकडा छापलेला असे आणि गेली तीस वर्षं तो ऑरिनच ठरवी. एकवर नवशिक्यांनी जावं, दहावर देवाचं नाव घेऊन जावं. आपला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तो स्वतःच सांगत फिरे, आणि गावही ते खरं मानी.

तर त्या वसंतात या गृहस्थाने खेचरपायरी नावाच्या वाटेच्या आठाचे तीन केले.

कारण सांगायला लाज वाटावी इतकं साधं होतं. आठ नंबरच्या वाटेला हल्ली कुणी येईना. बरोबरीचे गडी गुडघे बदलून घरी बसलेले, आणि एकट्याने दरीत उतरायचं नाही हा क्लबचा नियम. पूर्वी त्याची बायको आर्डिथ असायची. ती पुढे खडकावर उभी राहून बोटाने डावं-उजवं दाखवायची. ती गेल्यापासून दोन वर्षं खेचरपायरीच्या यादीत नाव एकच, ऑरिनचं, आणि दोन्ही वर्षी सहल रद्द. घरात बोलायला कुणी नव्हतंच. निदान त्या वाटेवर तरी माणसं हवीत, एवढंच त्याला हवं होतं.

आकडा बदलला आणि अकरा गाड्या आल्या!

सकाळी दरीच्या तोंडाशी खडकावर पकड यावी म्हणून सगळे वाकून टायरांतली हवा कमी करत होते आणि ऑरिन वरबापासारखा मिरवत होता. त्याच्या मागे पहिली गाडी डेल्फा जॉर्गेन्सनची. ही गणिताची निवृत्त शिक्षिका. गाडी नवीकोरी, आणि सगळ्यांसाठी चीज-बटाट्यांचा ट्रे आणलेला. गावात हे बटाटे मयताच्या जेवणाला करतात. ऑरिनने ते शेवटचे आर्डिथच्या वेळी खाल्ले होते.

मैलभरावर वाटेला नाव देणारी ती खडकाची पायरी आली, कमरेइतकी उंच. ऑरिन सवयीने चढून गेला. मग खाली उतरून आर्डिथच्या जागी उभा राहिला आणि डेल्फाला बोट दाखवू लागला. आर्डिथचं बोट कधी चुकलं नव्हतं. याचं पहिल्याच फटक्यात चुकलं. गाडी घसरली, दगडावर आपटली, चेंबर फुटला आणि तेल वाहू लागलं.

गंमत अशी की आकड्यावर कुणाला संशयच आला नाही. जो तो स्वतःलाच बोल लावू लागला. एक दंतवैद्य म्हणाले, तीन नंबर जमत नसेल तर आपण गाडी विकलेली बरी. एका नवरा-बायकोची तिथेच जुंपली. ऑरिनने खरं सांगायची हीच वेळ होती. पण सांगितलं तर सगळे परत जाणार. तो म्हणाला, खडक ओला असेल. तिथे पाच महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता.

डेल्फाने विम्याचे कागद शोधायला खण उघडला, तर विक्रेत्याने गाडीत ठेवलेलं क्लबचं गेल्या वर्षीचं पत्रक हाती लागलं. तिने ते शांतपणे वाचलं.

"ऑरिन, पोरं उत्तर खोडून दुसरं लिहितात ना, ते मला चाळीस वर्षं कळत आलंय. आठाचे तीन कधी केलेस?"

मग दहा गाड्या मैलभर उलट्या गेल्या. वळायला जागाच नव्हती. गाडी विकायला नको म्हणून दंतवैद्य तेवढे खुशीत दिसले. निरोपाचा हात मात्र कुणीच हलवला नाही.

डेल्फाची गाडी ऑरिनच्या जीपच्या विंचने, म्हणजे तारेच्या रहाटाने, ओढून वर बाजूला ठेवावी लागली. तोवर बाकीचे निघून गेलेले, तेव्हा आता तिला बाहेर पडायचं ते पुढच्या टोकाने, ऑरिनच्याच जीपमधून, चार तास. शेजारच्या सीटवर दोन वर्षं हत्यारांची पेटी बसत होती. ती त्याने मागे टाकली. तिथे माणूस बसावं, यासाठीच तर सगळा खटाटोप होता!

माणूस बसलं आणि चार तास एक शब्द बोललं नाही. त्याने वाटेतली खडकाची कमान दाखवली, तर डेल्फाने दुसरीकडे पाहिलं. ट्रे मांडीवर घेऊन ती एकटीच बटाटे खात राहिली. एवढं एकटं त्याला रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा ती म्हणाली, "सोबत हवी होती, तर फोन करायचास."

"वाटलं, कुणी उचलणार नाही."

डेल्फाने विचार केला. खोटं उत्तर द्यायची तिला सवय नव्हती.

"मी नसताच उचलला," ती म्हणाली. "पण माझा चेंबर तरी वाचला असता."