मरळीची लाल पिल्लं आणि निरोगी माशाचा शोध

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. कुठलं जंगल ते विचारू नका. तुमच्या गावाजवळचं नाही एवढं सांगतो, म्हणजे तुम्हीही सुटलात आणि मीही.

त्या जंगलाचा राजा होता रानरेडा. सिंह का नाही म्हणता? सिंहाचं झाडाच्या सावलीत भागतं. रेड्याला पाणी लागतं. गादीवर आल्यापासून महाराज रोज दुपारी तळ्यात बसत. एकटे नव्हेत. राणीसाहेब, मेहुणे, प्रधान, प्रधानांचे व्याही, सगळेच बसत. आणि रेडे पाण्यात बसून जे जे करतात, ते ते सगळं करत. नाक मुरडू नका. तुम्हाला नुसतं ऐकायचंय, माशांना तिथं राहायचं होतं.

हळूहळू मासे आजारी पडू लागले. अंगावर लाल डाग, खवले उभे, शेपट्या झडलेल्या. रोहूचं तर घरच्या घर उताणं तरंगलं.

त्या तळ्यात एक मरळ राहत होती. मरळ म्हणजे फार मायेची मासळी. पिल्लांचा झुबका घेऊनच ती हिंडते, त्यांना सोडून हलत नाही. यंदाची पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर पडली होती. शेजारी उताणे तरंगताना तिने पाहिले. ती राजाकडे गेली.

"महाराज, पाणी नासलंय. आपण दुपारचं जरा दुसरीकडे बसलात, तर माझी पोरं वाचतील."

महाराज पाण्यातच बसले होते. दरबाऱ्यांनी आभाळाकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं. पाण्याकडे कुणीच पाहिलं नाही.

"प्रश्न गंभीर आहे," महाराज म्हणाले. "संशोधन करा!"

झालं. काठावर मत्स्यरोग संशोधन पीठ उभं राहिलं. प्रमुख म्हणून आचार्य कासव आले. आचार्य मोठे प्रामाणिक. खोटं बोलत नसत, कुणाची भीड धरत नसत, मासेही खात नसत. फक्त एकदा मान आत घेतली की त्यांना बाहेरचं काही दिसत नसे.

आचार्यांनी दवाच्या थेंबातून आजारी माशाचा खवला पाहिला. त्यात जंतू सापडला! आखूड काडीसारखा, शेपूट हलवत पोहणारा. त्याला त्यांनी शिंपल्यात ठेवलं, कोमट पेज पाजली. जंतूने चांगलं बाळसं धरलं. तळ्यात तेवढ्या एकाचीच तब्येत सुधारत होती.

"आता औषध देणार ना?" मरळीने विचारलं.

"आधी सिद्धता," आचार्य म्हणाले. "रोग याच जंतूने होतो, हे दाखवायला हवं. त्यासाठी तो निरोगी माशाला द्यायचा. मासा आजारी पडला की झालं."

एक धडधाकट कटला मासा आणला. त्याला जंतू दिला. तो आजारी पडला. आचार्य आनंदाने पाय आपटू लागले. "पण हा योगायोगही असू शकतो," असं म्हणून त्यांनी आणखी एक निरोगी मासा मागवला. मग आणखी एक.

"अहो आचार्य, पाण्याकडे बघा ना!" मरळ काकुळतीला आली.

"बाई, पाणी हा वेगळा विषय. माझा विषय जंतू. पाण्यातले जाणकार तर," त्यांनी अदबीने महाराजांकडे मान वळवली, "तिथंच बसलेत."

मरळ काय समजायचं ते समजली. तळ्याच्या वरच्या टोकाला खडकाच्या कपारीतून एक झरा येत होता. जागा इतकी अरुंद की रेड्याचं शिंगही शिरू नये. मरळीने पिल्लं तिथं नेली. गार, वाहत्या पाण्यात पिल्लं तरतरीत झाली.

इकडे तळ्यात निरोगी मासा औषधालाही उरला नाही. सिद्धता अडली. आचार्य शोधत शोधत थेट झऱ्याशी पोचले. मरळ पिल्लांपुढे आडवी झाली. मागे खडक होता, पळायला वाट नव्हती.

आचार्यांनी दवाचा थेंब डोळ्याला लावला.

आता मुलांनो, मरळीची पिल्लं जन्मतःच लाल असतात. हे तळ्यातल्या बेडकालाही ठाऊक. पण आचार्यांनी आजवर मासा पाहिला होता तो दवाच्या थेंबातूनच, तोही एकेका खवल्याने.

"अरेरे!" ते म्हणाले. "ही तर डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल! इतकी जबर लागण कुठेच पाहिली नाही."

मरळीने खरं सांगायला तोंड उघडलं. मिटलं. आणि मग असा गळा काढला की झराही दचकला. "काय सांगू, आचार्य! एकही पोर धड नाही हो!"

"मग माझ्या काही उपयोगाची नाहीत," म्हणत आचार्य खिन्न होऊन परतले.

"आई, आपण आजारी आहोत?" एका पिल्लाने विचारलं.

"गप! शेपूट ढिली सोड."

पण पिल्लं ती, मोठी होणारच. लाली ओसरली, अंग काळसर तुकतुकीत झालं. तोवर पीठाचा निष्कर्षही आला. निरोगी मासा न मिळाल्याने तुलना अशक्य. सर्वच माशांवर डाग असल्याने डाग हाच माशाचा नैसर्गिक रंग समजावा. सबब, तळ्यात रोग नाही.

महाराजांनी आचार्यांच्या गळ्यात कमळांची माळ घातली आणि मंडळी पुन्हा पाण्यात बसली.

माळ मिरवत आचार्य झऱ्यावरून चालले होते. त्यांना मरळीची पिल्लं दिसली. एकाच्याही अंगावर डाग नाही!

"बाई, घात झाला! हा नवाच रोग! डाग न उठण्याचा! यांना लगेच पीठात आणा. शिंपल्यात जंतू तयारच आहे. तो दिला की छान डाग उठतील, पोरं बरी होतील."

मरळीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज तिने मधाळ ठेवला. "आणते हं. जरा अंग धुऊन आणते."

तिने पिल्लांना कपारीत नेलं आणि तळाच्या तांबड्या मातीत मनसोक्त लोळवलं. पोरं बाहेर आली ती ठिपक्याठिपक्यांची.

"बघा आचार्य, तुमचं नुसतं नाव घेतलं आणि गुण आला!"

आचार्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शास्त्रावरचा त्यांचा विश्वास दुणावला.

तेव्हापासून लांबवर कासवाची पाठ दिसली की मरळ ओरडते, "डॉक्टर आले रे! चला, आजारी पडा!" आणि पोरं खिदळत मातीत लोळतात. खाली तळ्यात मात्र रोज कुणी ना कुणी उताणं तरंगतं. पीठ त्याला पोहण्याची नवी पद्धत म्हणतं. मरळ ते पाहते आणि त्या दिवशी तिला घास जात नाही.

तात्पर्य: मी आता "स्वच्छता पाळा" म्हणणार, असं वाटलं ना? छे! मुलांनो, निरोगी राहायचं असेल तर चारचौघांसारखं आजारी दिसायला शिका. आणि पाणी घाण आहे असं म्हणण्याआधी, त्यात कोण बसलंय ते बघा.