मानपत्रातले तीन अ

सकाळी कॉफीचा पेला हातात धरून विघ्नेश्वर भट्ट मास्तर पेपरातला आपलाच फोटो कौतुकाने बघत होते. बघता बघता त्यांनी चष्मा पुसला, पेपर डोळ्यांजवळ नेला आणि कॉफी तशीच ठेवून दिली.

फोटोत मधोमध हलसिनकट्ट्याच्या मूकांबाक्का हेगडे उभ्या होत्या. हातात काचेच्या चौकटीतलं मानपत्र. आपल्या फाट्यावर सकाळची बस थांबावी म्हणून अक्का अकरा वर्षं, दर गुरुवारी, दोन मैल चालत जाऊन पुढच्या गावाहून बस पकडत आणि बाळेकोप्पाच्या डेपोत हजर होत. तेवढ्या काळात सहा मॅनेजर बदलले. गेल्या महिन्यात बस थांबायला लागली आणि वाचनालयाने अक्कांचा सत्कार ठरवला.

मानपत्राचा मजकूर अर्थातच मास्तरांचा. छत्तीस वर्षं कन्नड शिकवलेला माणूस. न थकणाऱ्या माणसासाठी त्यांच्याकडे इतके शब्द होते, की निम्मे उच्चारतानाच बाकीच्यांना दम लागायचा. अक्कांसाठी त्यांनी त्यातले निवडक तीन काढले होते: अविरत प्रयत्न, अविश्रांत पाठपुरावा, अविचल निष्ठा. सत्काराच्या वेळी ते त्यांनी कागदाकडे न बघता, हात उंचावून म्हटले होते आणि टाळ्याही पडल्या होत्या.

फोटोत मात्र छापलेलं स्वच्छ दिसत होतं: विरत प्रयत्न, विश्रांत पाठपुरावा, विचल निष्ठा. म्हणजे बाईंनी प्रयत्न सोडून दिले, पाठपुरावा आराम करत केला, आणि निष्ठेचंही काही खरं नव्हतं.

मास्तर चप्पल घालून थेट शानभागांच्या छापखान्यात गेले. तिथे संगणकावर बसणाऱ्या सुजाताने फाइल उघडून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, की वाचनालयाच्या अध्यक्षांनी जी वेलबुट्टीची अक्षरं पसंत केली होती, त्यांत अ नव्हताच, म्हणून तो मजकुरातूनच गळला होता.

"मग मला विचारायचं नाही का?" मास्तर म्हणाले.

"तुमचे शब्द नेहमीच असे असतात, मास्तर. मला वाटलं, बरोबरच असतील."

साधी अक्षरं घे आणि सगळीकडे अ लाव, एवढं सांगून मास्तर नवी चौकट आणायला गेले. हलसिनकट्ट्याची साडेअकराची बस गाठायची होती. सुजाताने एकेक शब्द शोधत न बसता संगणकालाच हुकूम दिला, की 'वि' दिसला की त्याच्याआधी अ लाव. पाच मिनिटांत मानपत्र छापून, चौकटीत बसवून, वर्तमानपत्रात गुंडाळून मास्तरांच्या हाती आलं.

बसमध्ये बसल्यावर मास्तरांनी एक कोपरा सोडून पाहिला. अविरत होतं. अविश्रांत होतं. अविचलही होतं. समाधानाने त्यांनी आणखी थोडा कागद सोडला. पुढे अक्कांना अविनयशील, अविचारी आणि अविवेकी म्हटलं होतं, आणि खाली सही होती अविघ्नेश्वर भट्ट यांची.

ते पुढच्याच थांब्यावर उतरले. परतीची बस तासाने होती. कडक उन्हात चौकट काखेत धरून चालत ते छापखान्यात आले, सुजाताच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि अक्षरावर बोट ठेवून सगळा मजकूर तीनदा वाचला. शानभागांनी जेवायला चला म्हटलं, तरी उठले नाहीत.

दुपारी तीनला ते घामाघूम होऊन अक्कांच्या अंगणात पोहोचले. अक्का सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. दम खाण्याआधीच मास्तर माफी मागायला लागले. अक्कांनी त्यांना बसवलं, कषायाचा, म्हणजे धणे-जिऱ्याच्या काढ्याचा, पेला दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"वाचलं मी ते," त्या म्हणाल्या. "काल घरी आल्या आल्याच."

"मग तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला? तुम्ही भाषणात भलतंच म्हणालात, पण छापलंत ते खरं होतं. मी सुनेला म्हटलंसुद्धा, मास्तरांना कसं कळलं कोण जाणे."

मास्तरांनी पेला खाली ठेवला.

अक्का मग सुपाऱ्या सोलता सोलताच सांगत गेल्या. घरात नऊ माणसं, चार गाई आणि ही सुपारी. पहाटे पाचला चूल पेटली की रात्रीपर्यंत पाठ टेकायला मिळत नसे. गुरुवारी तेवढं डेपोत जायचं. तिथल्या बाकावर, पंख्याखाली बसायचं, बांधून नेलेला डोसा खायचा, तासभर डुलकी काढायची, उठल्यावर मॅनेजरला बसचं विचारायचं. तो पुढच्या महिन्यात बघू म्हणायचा. मग घरी यायचं.

"कामाला जातेय म्हटल्यावर घरात कोण अडवणार?" अक्का म्हणाल्या. "पहिली दोन वर्षं मला बस हवी होती. नंतर कधी कधी वाटायचं, हा माणूस हो म्हणाला तर माझं कसं होणार."

"आणि तो म्हणाला."

"हो ना. नवीन होता, त्याला काय ठाऊक. चार गुरुवार झाले, घरीच आहे."

भिंतीवर जुनं मानपत्र लावलेलं होतं. अक्कांना ते बदलायचं नव्हतं. मग उगीच बोलायचं म्हणून मास्तरांनी विषय काढला, की वाचनालयाचं छप्पर गळतंय, दुरुस्तीचा अर्ज तालुका कचेरीत चार वर्षं पडून आहे, आणि विचारायला जायला कुणाला सवड नाही.

अक्कांचा हात थांबला.

"त्या कचेरीत," त्यांनी विचारलं, "पंखा आहे का?"